मागच्या दिवाळीला चालत होतं, आता काळी स्क्रीन: जुने शूटर गेम परत परत का बंद पडतात

सोलापुरात दर दिवाळीला आणि दर गड्ड्याच्या यात्रेला हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पुण्यात नोकरी करणारी पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येतात, फराळ पाहुणे उरकले की माळ्यावरचा जुना पीसी नाहीतर बहिणीचा कॉलेजचा लॅपटॉप काढतात, आयजीआय, क्वेक, काउंटर स्ट्राइक असलं काहीतरी लावतात आणि मग फोन सुरू. "दादा, मागच्या वेळी तर मस्त चालत होतं की ओ, आता नुसती काळी स्क्रीन येतीय आन् डेस्कटॉपवर फेकतंय."

पुढचं पण ठरलेलं असतं. कुणीतरी शहाणा सांगतो राइट क्लिक कर, प्रॉपर्टीजमधे जा, कंपॅटिबिलिटीत एक्सपी सर्व्हिस पॅक ३ ची टिक मार, ॲडमिनिस्ट्रेटरनी रन कर. कधी चालतं कधी नाही, चाललं तर सगळे खूश, आणि काही महिन्यांनी विंडोजचं मोठं अपडेट आलं की परत पहिल्यापासून तेच. ही टिक म्हणजे इलाज नाहीच मुळात. विंडोज त्या गेमला आपण एक्सपी असल्याची थाप मारतं, थोड्या फंक्शनना जुन्यासारखं वागायला लावतं, बास. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर, १४४ हर्ट्झचा डिस्प्ले, आठ-बारा कोअरचा प्रोसेसर हे सगळं नवीनच राहतं आणि खरं भांडण तिथंच असतं.

त्यामुळे मी हल्ली कुणी विचारलं की आधी एकच उलटा प्रश्न टाकतो: तुझ्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनी लिहिलेला मूळ मजकूर, बाहेर आलाय का नाही? यावर सगळं ठरतं.

गेमच्या फोल्डरमधे दोन प्रकारचा माल असतो. एक डेटा, म्हणजे मॅप, भिंतींची चित्रं, आवाज, राक्षस. दुसरी ती ईएक्सई, म्हणजे इंजिन, जी हा डेटा वाचून स्क्रीनवर काढते. डेटा शिळा होत नाही, १९९३ ची फाइल आज पण बाइट न बाइट तशीच आहे. बिघडते ती ईएक्सई, कारण ती त्या वेळच्या डॉस नाहीतर विंडोज ९८ ला धरून लिहिलेली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर चादरीच्या डिझाइनचं जॅकार्ड कार्ड चांगलं आहे, माग गंजलाय. मग माग बदला ना, डिझाइन कशाला टाकता. डेटा जपायचा, ईएक्सई बदलायची, आणि जिथं ईएक्सई बदलता येत नाही तिथं तिच्या आणि विंडोजच्या मधे एक दुभाषा बसवायचा. याच्या पलीकडं फार काही नाही, खाली जे लांबलचक आहे ते सगळं याचेच प्रकार.

आधी सोपी केस, ज्यांचा कोड बाहेर आलाय.

डूम आला १० डिसेंबर १९९३ ला. चार वर्षांनी, १९९७ च्या डिसेंबरात तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीनं त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी फुकट सोडला, त्यांचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅकचा या बाबतीत आग्रहच होता. गंमत म्हणजे दिला तो लिनक्सचा कोड, कारण डॉसच्या व्हर्जनमधली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती, ती देता येत नव्हती. १९९९ मधे तोच कोड जीपीएल लायसन्सखाली, म्हणजे कुणीही बदलून परत वाटावा अशा परवानगीनं, आला आणि तिथून पुढं जगभरच्या लोकांनी आपापली इंजिनं बनवली, त्यांना सोर्स पोर्ट म्हणतात. आज डूम कशावर पण चालतो म्हणून जे मीम फिरतात त्याचं मूळ हे आहे. ती सोय कुणीतरी मुद्दाम करून ठेवलेली आहे, आपोआप झालेली नाही.

तर डूमवाल्यांनी जुनी डॉसची ईएक्सई विसरून जा. जसा होता अगदी तसाच पाहिजे, त्या वेळच्या बगसकट, तर चॉकलेट डूम. तेच पण जरा स्वच्छ, जास्त रिझोल्युशनमधे पाहिजे तर क्रिस्पी डूम. माउसनी वर-खाली बघायचंय, मोठे मोठे मॉड (लोकांनी गेममधे केलेले बदल) लावायचेत तर जीझेडडूम. तिन्ही फुकट. झिप उघडायची, आपली डूम डॉट वॅड किंवा डूम२ डॉट वॅड फाइल त्या फोल्डरात टाकायची, चालवायचं. इंस्टॉल वगैरे भानगड नाही, रजिस्ट्रीत काही लिहिलं जात नाही, विंडोज फॉरमॅट केलं तरी फोल्डर पेन ड्राइव्हवर असला की झालं.

यात नेहमी अडतं ते एकाच ठिकाणी. फोल्डरात फाइल असते डूम१ डॉट वॅड आणि पोरगं म्हणतं दुसरा एपिसोड का उघडंना. दादा, नावात १ असलेली ती शेअरवेअर फाइल आहे, त्या काळी फुकट वाटलेली, तिच्यात पहिला एपिसोडच आहे. पूर्ण गेमच्या फाइलच्या नावात १ नसतो. पूर्ण गेम सेलमधे स्वस्तात मिळतो, घेऊन टाका, आणि घ्यायचाच नसेल तर फ्रीडूम म्हणून कायदेशीर फुकट डेटा आहे, राक्षस नि मॅप वेगळे पण इंजिन तेच.

दुसरी तक्रार, चित्र बुटकं दिसतंय. डूम ३२० बाय २०० मधे काढलेला आहे पण त्या वेळच्या ४:३ च्या मॉनिटरवर ते चित्र उभं ताणलं जायचं, पिक्सेल रुंदीपेक्षा वीस टक्के उंच. आजच्या स्क्रीनवर चौकोनी पिक्सेल धरले की सगळे जण चपटे दिसतात. पोर्टच्या सेटिंगमधे ॲस्पेक्ट रेशो करेक्शन असतं, ते चालू ठेवा. लोक ते बंद करतात, का तर कडेला काळ्या पट्ट्या नकोत म्हणून, आणि मग माझ्याकडं येतात.

क्वेकचं पण असंच. गेम जून १९९६ चा, कोड डिसेंबर १९९९ मधे बाहेर. जीएलक्वेक ही त्या काळची ईएक्सई लावून रडत बसण्यापेक्षा क्वेकस्पॅझम नाहीतर आयर्नवेल हे सोर्स पोर्ट घ्या, त्याच्या फोल्डरात आयडी१ नावाचा फोल्डर आणि त्यात पॅक० डॉट पॅक, पॅक१ डॉट पॅक या दोन फाइली. पॅक१ नसेल तर तो पण शेअरवेअरच, पहिल्या एपिसोडनंतर थांबणार.

आणि हो, क्वेकचं म्युझिक. नवी पेठेच्या आसपासच्या कॅफेत तासावर पैसे देऊन क्वेक खेळलेल्या निम्म्या लोकांना या गेमला म्युझिक आहे हेच माहीत नाही. ओरिजिनल सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि दोन ते अकरा हे ऑडिओ ट्रॅक होते, गाण्याच्या सीडीसारखे, नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरनी केलेले. हातोहात फिरलेल्या कॉप्यांमधे नुसता डेटा यायचा, त्यामुळे आमच्या पिढीनं तो गेम राक्षसांच्या घुरघुरीवरच खेळला. नवीन पोर्टमधे उपाय सोपा आहे, आयडी१ च्या आत म्युझिक नावाचा फोल्डर करा आणि त्यात ट्रॅक०२ ते ट्रॅक११ अशा नावांच्या ओजीजी (एमपी३ सारख्याच आवाजाच्या) फाइली टाका. नाव एका अक्षरानं चुकलं तरी गप्प बसतं, एरर पण देत नाही. रात्री लाइट बंद करून ऐकून बघा, ते म्युझिक कमी आणि भिंतीमागं काहीतरी कण्हतंय असं जास्त वाटतं.

बाकीच्या गेमची आणि त्यांच्या सोर्स पोर्टची नावं एका दमात सांगतो. क्वेक २ चा कोड २००१ मधे आला, त्याला यामागी क्वेक २. क्वेक ३ चा २००५ मधे, त्याला आयओक्वेक३. ड्यूक न्यूकेम थ्रीडी १९९६ चा, कोड २००३ मधे, त्याला ईड्यूक३२. रिटर्न टू कॅसल वुल्फेन्स्टाइनचा २०१० मधे, त्याला आयओआरटीसीडब्ल्यू. अनरियल टुर्नामेंट ९९ चा कोड असा जाहीर उघडा नाही पण ओल्डअनरियल या चाहत्यांच्या गटाला एपिक या मूळ कंपनीनं पॅच (दुरुस्ती) काढायची परवानगी दिलीय, त्यांचा ४६९ चा पॅच लावा, निम्मी दुखणी तिथंच संपतात.

आयओक्वेक३ बद्दल दोन ओळी जास्त, कारण हा आजार खूप जणांना आहे आणि कारण कुणाला कळत नाही. क्वेक ३ आणि त्याच इंजिनवरचे कितीतरी गेम नवीन कार्डावर चालू होता होता पडतात, एकदम, स्क्रीन यायच्या आधीच. झालंय काय, गेम चालू होताना ग्राफिक ड्रायव्हरला विचारतो तुला काय काय येतं, ड्रायव्हर यादी देतो. १९९९ मधे ती यादी छोटीशी होती म्हणून प्रोग्रॅमरनी ठेवलेली जागा पण छोटी. आजच्या कार्डाची यादी शेकडो नावांची, ती त्या जागेत मावत नाही, उतू जाते आणि गेम मरतो. म्हणजे कार्ड जितकं भारी तितका गेम लवकर मरतो. चांगलं कार्ड घेतलेल्या मित्राचा चेहरा बघण्यासारखा असतो. यात एक्सपीची टिक मारून काय होणार सांगा? नवीन इंजिनमधे ती जागा मोठी केलेली आहे, विषय संपला.

आता अवघड केस. आयजीआय.

सोलापुरात काय, सगळ्या महाराष्ट्रातच ज्याच्या घरी २००१-०२ च्या सुमारास पीसी आला त्यानं आयजीआय खेळलेलाच आहे. डिसेंबर २००० चा गेम, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा. मिशनच्या मधे सेव्ह नाही, शेवटच्या क्षणाला टॉवरवरच्या स्नायपरनी टिपलं की परत कुंपणाबाहेरून. याचा सोर्स कोड कंपनीनं सोडला नाही, त्यामुळे इंजिन बदलायचा रस्ता बंद. इथं दुभाषा लागतो.

काळी स्क्रीन, नाहीतर मेनू दिसतो पण आत गेल्यावर टेक्श्चर फाटलेले, नाहीतर ऑल्ट टॅब केलं की गेम परत येत नाही, ही तिन्ही लक्षणं बहुतेक वेळा एकाच गोष्टीची असतात. जुना गेम डायरेक्टड्रॉ आणि जुन्या डायरेक्टथ्रीडीमधे, म्हणजे विंडोजला चित्र काढायला सांगायच्या जुन्या भाषांमधे, बोलतो, विंडोज ८ पासून पुढं हे जुनं काम आतल्या आत नक्कल करून ढकललं जातं आणि ती नक्कल कुठं ना कुठं चुकते. एज ऑफ एम्पायर्समधलं पाणी जांभळं-हिरवं व्हायचं आठवतंय का, ते पण याच घराण्यातलं दुखणं.

उपाय डीजीव्हूडू २, हाच तो दुभाषा प्रोग्रॅम. झिप उघडली की एमएस नावाचा फोल्डर, त्याच्या आत एक्स८६ आणि एक्स६४. इथं दहातले नऊ जण एक्स६४ उचलतात, कारण आपलं विंडोज ६४ बिटचं आहे. विंडोज असेल, गेम ३२ बिटचा आहे, त्याला एक्स८६ च लागतं. त्यातल्या डीड्रॉ आणि डीथ्रीडीआयएमएम या डीएलएल फाइली उचलून गेमच्या ईएक्सईच्या शेजारी ठेवायच्या. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात अजिबात नाही हं, तिथं टाकल्या तर बाकीच्या प्रोग्रॅमचा खेळ होईल. मग डीजीव्हूडूची कंट्रोल पॅनलची ईएक्सई पण त्याच फोल्डरात टाकून उघडायची, तिथं गेमचा फोल्डर निवडायचा, डायरेक्टएक्सच्या टॅबमधे व्हिडिओ मेमरी २५६ एमबी वगैरे ठेवायची, उगं चार जीबी देऊ नका, जुन्या गेमला एवढा मोठा आकडा मोजता येत नाही आणि तो गोंधळतो.

त्याच टॅबमधे वॉटरमार्कची टिक असते. ती पहिल्या वेळी राहू द्या. गेम चालू झाल्यावर कोपऱ्यात डीजीव्हूडूचा शिक्का दिसला तर दुभाषा कामाला लागला असं समजायचं. शिक्का दिसलाच नाही तर डीएलएल चुकीच्या जागी आहे नाहीतर चुकीची आहे, पुढं सेटिंग फिरवत बसण्यात अर्थ नाही. शिक्का आला, गेम नीट चालला, मग टिक काढा. फोनवरून मदत करताना मी सगळ्यात आधी हेच विचारतो, "कोपऱ्यात शिक्का दिसायला का?" आणि उत्तर आलं "कसला शिक्का?" की कुठं बघायचं ते कळतं.

ही फाइल गेमच्या फोल्डरात असल्यामुळे विंडोजचं अपडेट तिला हात लावत नाही. पुढच्या दिवाळीला चालण्याची शक्यता खरी इथं वाढते.

आता जे सगळ्यात जास्त डोकं खातं ते. सेव्ह गायब होणं.

विजापूर रोडला राहणाऱ्या एका मित्राची केस सांगतो म्हणजे नीट कळेल. त्यानं आयजीआय नेहमीसारखा प्रोग्रॅम फाइल्समधे टाकलेला. बरीच मिशनं झाली. एक दिवस गेम पडला, कुणीतरी सांगितलं ॲडमिनिस्ट्रेटरनी रन कर, केलं, गेम चालू झाला पण आत सगळं कोरं, पहिल्या मिशनपासून. वैतागून परत थोडी मिशनं खेळला. मग विंडोज अपडेट झालं, नवीन शॉर्टकट केला, त्यात ॲडमिनची टिक नव्हती, तर जुनी मिशनं परत आली आणि नवीन खेळलेली गेली. भाऊ म्हणायला लागला पीसीत कायतरी शिरलंय. व्हायरस स्कॅन करून झाला, दुकानात दाखवून झालं, तिथं सांगितलं हार्ड डिस्क जायला लागलीय, बदला.

हार्ड डिस्कला धाड भरली नव्हती. व्हिस्टापासून साध्या प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समधे लिहायची परवानगी नाही. जुन्या गेमला हे माहीतच नाही, तो आपल्याच फोल्डरात सेव्ह लिहायला जातो. त्याला एरर देऊन पाडण्यापेक्षा विंडोज गुपचूप ती फाइल दुसरीकडं वळवतं, यूजरच्या फोल्डरात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर. गेमला वाटतं आपल्याच घरात लिहिलं. ॲडमिननी रन केलं की परवानगी मिळते, वळवणं बंद, मग गेम खऱ्या फोल्डरात बघतो, तिथं काहीच नाही. म्हणजे दोन सेव्ह दोन जागी जिवंत आहेत आणि टिक असेल-नसेल तसं एकेक दिसतं. ॲपडेटा फोल्डर लपवलेला असतो त्यामुळे शोधून पण सापडत नाही, आधी व्ह्यूमधे जाऊन हिडन आयटम्सची टिक मारा, मग व्हर्च्युअलस्टोअर उघडा, आत प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६ नावाचा फोल्डर आणि त्यात तुमच्या गेमचं नाव असेल तर तुमचं पण हेच आहे.

इलाज असा, गेमचा सगळा फोल्डर डी ड्राइव्हवर नेऊन टाका, डी नसेल तर सी मधेच पण बाहेर, गेम्स नावाचा फोल्डर करून. व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइली तिथं वरून पेस्ट करा, त्याआधी दोन्हींची एक कॉपी बाजूला. ॲडमिनची टिक काढून टाका, आता गरज नाही. मित्राची जुनी सगळी मिशनं एका झटक्यात परत आली. दुकानवाल्याचा अंदाज ऐकून त्यानं नवीन डिस्क ऑर्डर केलेलीच होती, ती आता पिक्चर साठवायला कामाला आली.

ओरिजिनल सीडी जपून ठेवलेल्यांसाठी वाईट बातमी. त्या काळच्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क नावाचं लॉक होतं आणि ते विंडोजच्या एका ड्रायव्हर फाइलवर चालायचं. त्यात सुरक्षेचं भोक सापडलं म्हणून मायक्रोसॉफ्टनी विंडोज १० मधे ते दिलंच नाही आणि २०१५ च्या सप्टेंबरच्या अपडेटनं जुन्या विंडोजवर पण बंद केलं. म्हणजे पैसे मोजून घेतलेली सीडी ड्राइव्हमधे फिरते, गेम म्हणतो सीडी घाला. यावर घरगुती उपाय करत बसू नका, नेटवरून कुठली तरी क्रॅक ईएक्सई उतरवून मग ॲंटिव्हायरस बंद करा म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. गेम डिजिटल दुकानात मिळत असेल तर तोच घ्या, त्यात हे लॉक काढलेलं असतं. सीडीवरचा सेटअपच उघडत नसेल तर त्याचं कारण वेगळं, काही जुने सेटअप १६ बिटचे आहेत आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचं काही चालवतच नाही. गेम ३२ बिटचा, चालण्यासारखा, आणि त्याला घरात आणणारा सेटअप १६ बिटचा. डोक्याला हात.

स्पीडचं लफडं. गेम चालतो पण सगळं फास्ट फॉरवर्ड, नाहीतर लिफ्टमधे माणूस अडकतो, नाहीतर दार उघडताना जीव जातो. जुन्या इंजिनात फिजिक्स, म्हणजे उडी-हालचालीचा हिशोब, फ्रेमला (स्क्रीनवर काढलेल्या प्रत्येक चित्राला) बांधलेलं असायचं. डूमचा हिशोब सेकंदाला ३५ वेळा, काहीही झालं तरी, म्हणून तो सुखी आहे. मूळ क्वेकला ७२ च्या वर फ्रेम गेले की गडबड सुरू होते, नवीन पोर्टनी चित्र आणि फिजिक्स वेगळं करून ते सोडवलंय. क्वेक ३ मधे तर १२५ फ्रेमला उडी जास्त उंच जाते, कारण १००० ला १२५ नं भागलं की बरोबर ८ मिलिसेकंद येतात आणि राउंडिंगचा फायदा मिळतो, स्पर्धा खेळणाऱ्यांनी तो बग मुरवून घेतला. काउंटर स्ट्राइक १.६ मधे एफपीएस मॅक्स, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त फ्रेम, १०० वर ठेवा. बाकी कुठल्याही गेमला बाहेरून लगाम घालायचा तर रिव्हाट्यूनर हा प्रोग्रॅम वापरा, ६० ला बांधून टाका.

आणि आपल्याकडं तर हे एवढ्याचसाठी पण करा. लगाम नसला की वीस-पंचवीस वर्षं जुना गेम नुसत्या मेनूत बसून सेकंदाला शेकड्यानं फ्रेम काढत बसतो, कार्ड पूर्ण ताकदीवर, फॅन बोंबलतोय. एप्रिल-मेमधे सोलापुरात बाहेर ४२-४३ डिग्री, दुपारी लाइट गेली तर कूलर बंद, लॅपटॉप बॅटरीवर गादीवर ठेवलेला. तो तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग खाली आणतो, आणि तुम्ही म्हणता १९९८ चा गेम पण हँग होतोय, लॅपटॉप गेला. ६० ला बांधा, खाली फळी ठेवा. जुन्या दोन कोअरच्या लॅपटॉपवर अनरियल टुर्नामेंट मधेच सुसाट मधेच संथ होत असेल तर तो प्रोसेसरच्या बदलत्या वेगाचाच घोळ, त्याला वर सांगितलेला ४६९ चा पॅच.

माउस घसरत असेल, म्हणजे हळू फिरवला तर कमी आणि झटका दिला तर गरकन मागं, तर विंडोजमधली एन्हान्स पॉइंटर प्रिसिजनची टिक काढा. काउंटर स्ट्राइकमधे रॉ इनपुट १ करा. झालं.

नजरेचा कोन, म्हणजे एफओव्ही, पण बघून घ्या, डोकं दुखतंय म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा कारण तेच असतं. ४:३ ला ९० चा एफओव्ही होता, १६:९ ला तोच अनुभव १०६ ला येतो. हाफ लाइफवाल्यांना २०२३ च्या नोव्हेंबरात, पंचविसाव्या वाढदिवसाला, वाइडस्क्रीनसकट मोठं अपडेट मिळालंय, त्यामुळे त्यांनी बाहेरचं काही लावू नये. त्या अपडेटनं जुना मॉड मोडला असेल तर स्टीममधे बीटाच्या यादीत स्टीम लेगसी म्हणून जुनं व्हर्जन ठेवलेलं आहे, तिकडं जा.

नवीन निघालेल्या जुन्या पद्धतीच्या गेमबद्दल पण विचारणा येते, म्हणून एवढंच. डस्क २०१८ चा, आयन फ्युरी २०१९ चा, प्रोडियस २०२२ चा, यांना वरचं काहीच लागत नाही, हे आजच्या विंडोजसाठीच बनलेत. आयन फ्युरी तर ज्या बिल्ड इंजिनवर ड्यूक चालला त्याच्यावरच केलाय, आणि सेलाको हा नवीन गेम जीझेडडूमवर. कोड उघडा राहिला म्हणून हे लोक पंचवीस-तीस वर्षांनी त्यावर नवा गेम उभा करू शकले, आणि आयजीआयसारखा गेम ज्याच्यावर आपल्याकडं एवढा जीव, तो अजून दुभाष्याच्या खांद्यावर चालतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि हो, प्रोडियस धूसर चौकोनी दिसतो म्हणून ड्रायव्हर बदलू नका, ते मुद्दाम आहे, सेटिंगमधे कमी करता येतं. आसरा चौकातल्या एका पोरानं यासाठी विंडोज नवीन टाकलं होतं.

शेवटी लॅन, म्हणजे एकाच नेटवर्कवर एकत्र खेळणं, कारण दिवाळीत चार जण एका खोलीत बसले की हेच अडतं. गेम सगळ्यांचा चालतो पण सर्व्हरच्या यादीत कुणाला काही दिसत नाही. पहिलं, यादीच्या भरवशावर राहू नका, जुन्या बऱ्याच गेमची यादी गेमस्पाय या ऑनलाइन सेवेवरून यायची, ते ३१ मे २०१४ ला बंद झालं. कन्सोल (गेममधली कमांड टाइप करायची खिडकी) उघडून थेट सर्व्हरच्या पीसीचा आयपी टाकून जोडा. दुसरं, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलं की विंडोज त्याला पब्लिक नेटवर्क समजतं आणि फायरवॉल दार लावून घेतं, ते प्रायव्हेट करा. सर्व्हरच्या पीसीवर गेमच्या ईएक्सईला परवानगी द्या, नेटवर्कचा पोर्ट नंबर विचारला तर (हा पोर्ट वेगळा, सोर्स पोर्ट नव्हे) हाफ लाइफ-काउंटर स्ट्राइकला २७०१५, क्वेक ३ ला २७९६०, अनरियल टुर्नामेंटला ७७७७, सगळे यूडीपी. हॉटस्पॉटवर काही फोन एकमेकांना जोडलेल्या लॅपटॉपना बोलूच देत नाहीत, तिथं डोकं आपटण्यापेक्षा घरातला जुना राउटर काढा, त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं, चार केबल लावा. डॉसच्या काळातले गेम आयपीएक्स या जुन्या नेटवर्कच्या पद्धतीवर बोलायचे, व्हिस्टापासून विंडोजमधून ते काढून टाकलंय, त्यामुळे डूम-ड्यूक एकत्र खेळायचे तर चौघांनी पण सोर्स पोर्टच लावायचा, आणि तो पण एकाच व्हर्जनचा, नाहीतर दोन मिनिटांत एकाच्या स्क्रीनवर मेलेला राक्षस दुसऱ्याच्या स्क्रीनवर जिवंत असतो.

एवढं करून पण अडलं तर विचारा, पण नुसतं "गेम चालंना" म्हणून नको. गेम कुठला आणि कुठून घेतलेला, फोल्डर कुठं ठेवलाय, विंडोज कुठलं, कार्ड कुठलं, लॅपटॉपला दोन ग्राफिक आहेत का, डीजीव्हूडू लावलं असेल तर कोपऱ्यात शिक्का दिसला का, आणि पडायच्या आधी स्क्रीनवर काय आलं त्याचा मोबाइलनी काढलेला फोटो, एवढं द्या.